बाबा सुटले

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. अमरावतीहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. हे मी कुठंही सांगते, लाजत नाही.

यंदा बाबांना धामणगाव रेल्वे या गावच्या जिनिंग कारखान्यातून सुट्टी घ्यायला लावून अकोल्याला, जठारपेठेतल्या माझ्या भाड्याच्या घरी आणलं. उभा जन्म त्यांनी मशीनसमोर कापसाची धूळ गिळली. खोकला हटत नव्हता. अशा कामातली माणसं फार जगत नाहीत, एवढं शिकलेल्या पोरीला कळतंच, असं मला वाटायचं.

पण इथं आल्यावर बाबा खुर्चीत बसून रस्ता पाहत राहायचे. अर्धी भाकर खाऊन ताट सरकवायचे. त्यातच मी शिकवते त्या कॉलेजचे गणिताचे सर रिटायर झाले आणि निरोपाचे हार सुकायच्या आत गेले. रोज फिरायला जाणारा, निर्व्यसनी माणूस.

बाबा म्हणाले, "पाह्य व, तुह्या सरांच्या छातीत तं नुसता खडू होता. आन जिनिंगमधला माह्यावाला म्हातारा मुकादम अजून सायकल हानून राहिला."

तरी शेवटी बाबांनी मालकाला 'आता कायमचा येत नाही' असं कळवलं, त्या सकाळी मी खुशीत पातूरच्या आत्याला फोन लावला. "आत्या, बाबा सुटले एकदाचे!"

"अरे देवा," एवढंच ऐकू आलं आणि रेंज गेली. मला ते आनंदाचंच वाटलं. आमच्याकडे कामाची पाळी संपली की जिनिंग सुटते. लहानपणापासून मी हाच शब्द ऐकलेला.

दुपारी आत्या फाटकापासूनच रडत आली. दार बाबांनी उघडलं.

"दादा! तू तं सुटला ना?" ती उंबऱ्यातच बसली.

"जिनिंगमधून सुटलो बाई. जगातून नाही."

मग ती माझ्यावर घसरली. "एवढी शिकली, आन बोलता येत नाही तुले? जित्या मानसाले सुटला म्हनते काय कोनी?"

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिनं डब्यात पिठलं-भाकर आणली होती. बाबांनी झाकण उघडून वास घेतला. "माह्याच मयताचं जेवन. वाया काहून घालवा?"

आणि जेवले. हसत, आत्याला चिडवत, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

"जिनिंगमधी दुपारच्याले अशीच भूक लागे," ते म्हणाले. "मालकाले सांगून पाहू काय व? सोमवारपासून जातो. थोडे दिवस."

बोलता बोलता त्यांना ठसका लागला, तो लवकर थांबेना. आत्यानं पाणी दिलं. मग दोघंही माझ्या तोंडाकडे पाहू लागले. घरात शिकलेली मीच होते.

मी म्हटलं, "बाबा, पिठलं वाढू का अजून?"