एका राऊटरवरची दोन घरं

सदाशिवराव देशकरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं निदान सदाशिवरावांना तरी वाटायचं. सगळा जन्म जमीन मोजणी खात्यात गेला. निवृत्तीनंतर आर्णीच्या घरात कॉम्प्युटर आला आणि पुण्याहून मुलगा क्षितिज फोनवर टुमणं लावायला लागला, "बाबा, कॉम्प्युटरातली फायरवॉल चालू ठेवा."

यांचं उत्तर ठरलेलं. "अरे, राऊटर हाय ना! बाहेरचं कोणी आत येतच नाही. मंग घरात अजून भिंत कायले?"

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. बाहेरून आगंतुक कोणी आलं तर राऊटर त्याला दारातूनच परतवतो; आतल्या आत चाललेलं मात्र तो बघत नाही. आणि त्याच राऊटरची एक वायर सदाशिवरावांनी कुंपणावरून शेजारी, मेकॅनिक मोहिउद्दीनभाईंकडे सोडली होती. भाजीची वाटी जाते त्याच वाटेनं. त्या वर्षी कापसाचा भाव बसला, ट्रॅक्टर दुरुस्तीला येईनासे झाले, तेव्हा मोहिउद्दीनभाईंची लेक अस्मा गॅरेजातच कॉम्प्युटरवरून लोकांच्या मोबाइलमध्ये गाणी भरून द्यायला लागली. तिला प्रिंटरही यांचाच. फायरवॉल त्यात आडवी यायची, म्हणून सदाशिवरावांनी ती बंदच करून टाकली. आयुष्यभर बांधावरची भांडणं मोजलेल्या माणसाला आपल्या माणसांत आडकाठी नको होती.

मग एका सकाळी दोन्ही कॉम्प्युटर एकदमच आजारी पडले. फोटो उघडेनात, गाणी गायब. अस्माचा धंदा ठप्प झाला.

"लोकांच्या मेमरी कार्डातूनच व्हायरस आला असणार. ती वायर आधी काढा," क्षितिज म्हणाला.

वायर काढायची म्हणजे शेजाऱ्याला तोंडावर घाणेरडा म्हणायचं. छे! त्यापेक्षा मोठ्या मनानं माफ करू, असं सदाशिवरावांनी ठरवलं आणि बोलायची वाक्यंही मनाशी जुळवली. तेवढ्यात क्षितिजनं त्या व्हायरसच्या फाइलची तारीख बघायला लावली. तारीख होती क्षितिजच्या लग्नाच्या फोटोंचा पेन ड्राइव्ह स्टुडिओतून आणला त्या दिवसाची. तेव्हा वायर पलीकडे गेलीही नव्हती.

"म्हणजे आपल्याकडूनच तिकडं गेलं!" त्यांची बायको कुंदाबाई म्हणाल्या. सदाशिवराव चपला घालून निघाले.

पलीकडे मोहिउद्दीनभाई ती वायर गुंडाळत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, आमच्या इकडची घाण तुमच्या घरात गेली. मले लय शरम वाटून राह्यली. हे घ्या तुमची वायर."

गप्प राहिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. साहेबपणही शाबूत राहिलं असतं. मोह झालाच, नाही कशाला म्हणा. पण त्या माणसाची खाली गेलेली मान त्यांना बघवेना.

"मोहिउद्दीनभाई, घाण माही हाय. माह्या पेन ड्राइव्हातून आली. तुमच्या पोरीचा धंदा म्या बसवला."

मोहिउद्दीनभाईंनी मान वर केली. आतून त्यांच्या बेगम आयशाबी हसत बाहेर आल्या. "या अल्ला! म्हणजे आमालेच साहेबांपासून जपाले पाह्यजे!"

सदाशिवरावांना इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. क्षितिज फोनवरून सांगत गेला, अस्मानं दोन्ही कॉम्प्युटर साफ केले आणि फायरवॉलमध्ये फक्त प्रिंटरपुरती वाट मोकळी ठेवली. वायर पुन्हा कुंपणावरून गेली.

"लावली एकदाची फायरवॉल?" क्षितिजनं विचारलं.

"लावली. पहिले अस्माच्या कॉम्प्युटरवर लावाले सांगितली."

"तिच्या कॉम्प्युटरवर आधी काहून?"

"राऊटर काय, बाहेरच्याले अडवते," सदाशिवराव म्हणाले. "मले कोण अडवन?"