पट्ट्यावरची जाळी

आज खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमधल्या मशीनला हार घातला, आणि झेंडू-ग्रीसच्या त्या वासाने मला लहानपणीचं दिग्रसचं कापसाचं जिनिंग आठवलं.

बाबा तिथे फोरमन होते. पूजेसाठी मशीनच्या पट्ट्यावरची संरक्षक लोखंडी जाळी काढली होती. कामगार कांतामावशी वाकून पट्ट्याच्या चाकाला कुंकू लावत होत्या. त्यांचा पदर पट्ट्यावर लोंबत होता. बाबांची नजर मुहूर्तासाठी घड्याळावर होती आणि बोट मशीन सुरू करायच्या बटणावर.

"बाबा, जाळी!" एरवी गप्प असणारी मी किंचाळले.

बाबांनी हात मागे घेतला. मावशींनी पदर आवळला.

"अवं माय, या पोरीले आवाज हाय!" त्या म्हणाल्या, आणि सगळे हसत सुटले. बाबांनी आधी जाळी बसवली, मगच मशीन सुरू केलं.

तेव्हा त्या हसण्याने मी लाजून मेले होते. आता कळतं, सगळ्यांचा अडकलेला श्वास हसण्यातून सुटला होता.