सीमावादाबद्दल मत नाही

मुलीच्या शाळेत दर वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाची नक्कल होते. मुलं देश वाटून घेतात, कोट घालतात आणि ठराव मांडतात. यंदा तिच्या समितीचा विषय होता जुलै १९९०, इराक आणि कुवेत यांच्यातला तणाव. युद्ध अजून सुरू झालेलं नाही, ते टाळता येतं का हे मुलांनी बघायचं. तिच्या वाट्याला इराक आला.

ही बातमी तिने जेवताना दिली. मी एका मराठी दैनिकाच्या आंतरराष्ट्रीय डेस्कवर बरीच वर्षं उपसंपादक होतो. कुवेतवरच्या हल्ल्याला अमुक वर्षं झाली, असा मजकूर दर ऑगस्टमध्ये लागायचा आणि तो माझ्याकडे असायचा. पत्नी डॉक्टर आहे. तिला सौदी अरेबियातल्या अल-खोबरच्या एका रुग्णालयात काम मिळालं, तेव्हा मी नोकरी सोडून तिच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, इथे आलो. त्या इकाम्यावर इथे नोकरी करता येत नाही. मी घरी बसून पुण्याच्या एका प्रकाशकासाठी भाषांतरं करतो. कुवेतबद्दल या घरात मला कोणी कधी काही विचारलं नव्हतं.

"कुठून सुरुवात करायची ते सांगतो," मी म्हणालो.

"नको, मी काकांना विचारते," मुलगी म्हणाली. "ते होते ना इथे, वॉरच्या वेळी."

काका म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे इंजिनियर. मूळचे रत्नागिरीचे, वय साठीच्या पुढे. लग्न झाल्याझाल्या इथे आले ते इथेच राहिले. गॅस मास्क, खिडक्यांना चिकटवलेलं प्लास्टिक, सायरन, या गोष्टी त्यांच्या तोंडून गणपतीच्या आरतीनंतर खोबरमधल्या प्रत्येक मराठी घराने ऐकल्या आहेत.

मुलीने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं असावं. तिने विचारलं, "बाबा, तुला चालेल ना?"

मी म्हणालो, "हा तुझा आणि काकांचा प्रश्न आहे. माझं काही मत नाही."

डेस्कवर हे वाक्य सवयीचं होतं. बातमीत आपलं मत घालायचं नाही, विचारलं तरी सांगायचं नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पत्नीने आमटी वाढता वाढता वर बघितलं. मुलगी "थँक्स" म्हणाली आणि फोन उचलून काकूंना मेसेज करू लागली.

त्यानंतर ती दर शुक्रवारी वर जाऊ लागली. नमाजानंतर रस्त्यावर गाड्या सुरू झाल्या की तीही निघायची. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते. शब्द कळत नाहीत, हसणं कळतं. काका खो खो हसतात. मुलगी त्यांच्याकडे जशी हसायची, तशी घरात हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मी त्या वेळात भांडी घासायचो आणि मनात कारणांचा क्रम लावायचो.

तो क्रम मला तोंडपाठ होता. इराणशी आठ वर्षं लढून इराक कर्जात बुडाला होता. कर्ज देणाऱ्यांत कुवेत आणि सौदी अरेबिया होते. इराक म्हणत होता, आम्ही हे युद्ध तुमच्याही वतीने लढलो, आता कर्ज सोडा. कुवेत तयार नव्हता. शिवाय तो ठरलेल्या कोट्यापेक्षा जास्त तेल काढत होता आणि त्यामुळे भाव पडत होता. सीमेवरच्या तेलक्षेत्रातून कुवेत आमचा वाटा चोरतो, असा इराकचा आरोप होता. मग दोन बेटं, जी कुवेतकडे होती आणि इराकच्या समुद्राकडच्या वाटेवर होती. आणि मुळात कुवेत आमचाच, हा जुना दावा. हे सगळं मला सांगता आलं असतं. कोणी विचारलं नाही.

एका शुक्रवारी जेवण तयार झाल्यावर मी तिला बोलवायला वर गेलो. फोन करता आला असता.

"या, या संपादक!" काकांनी दार उघडलं. "तुमची लेक युद्ध पुकारतेय."

टीपॉयवर कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, सुरई होती आणि खजुरांची बशी. काकांनी सुरईच्या चोचीसमोर दोन खजूर मांडले होते. मी आल्यामुळे त्यांनी ते पुन्हा नीट लावले.

"ही सुरई म्हणजे इराक. ही चोच, एवढीच काय ती समुद्राला वाट. आणि चोचीसमोर हे दोन खजूर, बेटं. खजूर कोणाचे? कुवेतचे. आता माझं जहाज बाहेर काढायचंय. काय करशील?"

"खाऊन टाकीन," मुलगी म्हणाली.

काका सोफ्यावर मागे कलंडून हसले. काकू आतून म्हणाल्या, "अगं, जेवायच्या आधी नको खाऊ."

मीही हसायला हवं होतं. मी म्हणालो, "बेटं हे कारण होतं, पण पहिलं नव्हे. पहिलं कर्ज. मग तेलाचा कोटा."

"असेल," काका म्हणाले. "मला काय ठाऊक? मला एवढं ठाऊक की जेद्दामध्ये आठवडाभर बोलणी चालली आणि त्यातून काही निघालं नाही. मग एके सकाळी कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, गाड्याच गाड्या. कुवेतच्या नंबरप्लेटा, टपावर गाद्या बांधलेल्या. एक बाई गाडीतच बसून होती, उतरायला तयार नव्हती. आमची ही तिला पाणी द्यायला गेली तर ती हिलाच विचारते, परत कधी जायचं?"

मुलगी ऐकत होती. तिने पेन खाली ठेवलं होतं.

"जेद्दाची बोलणी आठवडाभर चालली नाहीत," मी म्हणालो. "एक ऑगस्टला फिसकटली, दोन तारखेला पहाटे फौजा आत."

"बरं बाबा, फिसकटली! तारखा तुम्ही सांभाळा, गाद्या मी सांभाळतो."

"बाबा," मुलगी म्हणाली, "हे प्रूफरीडिंग नाहीये."

जिना उतरताना ती माझ्या पुढे होती. तारीख बरोबर होती. पण त्या सकाळी मी गावी शाळकरी मुलगा होतो आणि ती बातमी मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात उभ्याने वाचली होती. गाडीतल्या बाईबद्दल तीत काही नव्हतं. तीसपस्तीस वर्षांपूर्वी एक माणूस एका रस्त्यावर उभा होता, एवढ्यासाठी मी त्याचा हेवा करत होतो. माझी मुलगी त्याच्यासमोर पेन खाली ठेवत होती, याचा त्याहून जास्त.

पुढच्या शुक्रवारी मी हाफ मून बीचला जायचं ठरवलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गणिताची उजळणी काढली. नंतर म्हणालो, वर जा, पण एकच तास. ती तासाने परत यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

"ती वर गेलेली तुला आवडत नाही," पत्नी एकदा ड्यूटीवरून आल्यावर म्हणाली, "तर तसं सांग तिला. मत नाही म्हणायचं आणि तोंड पाडून बसायचं, हे काय?"

"मी तिला अडवलेलं नाही."

"हो ना. बीचवर नेलंस."

कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी मुलीने आमच्या बैठकीत रंगीत तालीम ठेवली. काका-काकू खाली आले. काकूंनी नारळाच्या वड्या आणल्या होत्या आणि काकांनी, सांगायला नको, खजूर. काकांना तिने कुवेत दिला. आईला अरब देशांची परिषद. मला अमेरिकेचा राजदूत.

"बाबाला वाचायला काही देत नाही," ती म्हणाली. "त्याला पाठ आहे."

मला ते आवडलं. मी सरळ बसलो.

तिने कर्जापासून सुरुवात केली. मग कोटा, मग तेलक्षेत्र, मग बेटं. क्रम माझा होता. तो तिला कुठून मिळाला, हे मला कळलं नाही. मध्येच काका म्हणाले, "कर्ज सोडणार नाही म्हणजे नाही, यल्ला, चल, पैसे काढ," आणि काकूंनी त्यांना गप्प केलं. मग ती माझ्याकडे वळली.

"राजदूत महोदय, कुवेतशी माझा सीमेचा वाद आहे. तुमच्या सरकारचं काय म्हणणं?"

प्रत्यक्षात काय उत्तर दिलं गेलं, ते प्रसिद्ध आहे. अरबांच्या आपसातल्या वादांबद्दल आमचं मत नाही, तुमच्या सीमावादाबद्दलही नाही. राजदूताचा हेतू काय होता, यावर आजही वाद आहे. ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ परवानगी असा घेतला, असं अनेकजण मानतात. दर ऑगस्टला मी ते वाक्य छापलं होतं.

"आमचं काही मत नाही," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्हाला चालेल." तिने बशीतला एक खजूर उचलून तोंडात टाकला. "मी फौजा पाठवते."

काका हसले. पत्नी हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "मत आहे."

"बाबा, असं नव्हतं ते."

"माहीत आहे. तू शुक्रवारी वर जातेस त्याबद्दल माझं मत आहे. मला आवडत नाही. तू मला विचारायला हवं होतंस."

काकू वड्यांच्या डब्याचं झाकण लावू लागल्या. काकांच्या हातात दुसरा खजूर होता, तो त्यांनी बशीत परत ठेवला.

"विचारलं होतं," मुलगी म्हणाली. "तेव्हा का नाही सांगितलंस?"

काका उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, "संपादक, तुमचा तो क्रम मीच सांगितला हो तिला. त्या दिवशी तुम्ही बोलून गेलात ना, कर्ज पहिलं. मग मी शोधलं सगळं. मला कुठलं येतंय?"

त्याने मला बरं वाटायला हवं होतं. माझा क्रमही तिच्यापर्यंत त्यांच्यामार्फतच गेला होता.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेची बस आली, तेव्हा मी दाराशीच होतो. लिफ्ट खालून निघाली, आमच्या मजल्यावर थांबली नाही आणि वर गेली. वरचं दार उघडल्याचा आवाज आला, काकांचा आवाज आला. मग जिन्याने वर गेलो.

ती कोट घालूनच सोफ्यावर बसली होती. "युद्ध झालं का?" मी विचारलं.

"बसा आधी," काका म्हणाले. "अजून एक अक्षर बोललेली नाही. म्हणते, बाबा वर येईल, मग सांगते."

मुलगी बुटाचे बंद सोडत होती. तिने मान वर केली नाही, हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. काका माझी समजूत काढण्यासाठी तसं म्हणाले असणं सहज शक्य होतं. दुजोरा मिळाला नाही. मी तिच्या शेजारी बसलो.