दोन कार्डांचा लॅपटॉप

रिसोडच्या बाजारात वांगी आणि मेथी घेऊन बसणाऱ्या एका मावशींमुळे माझं काम टिकलं, हे आधी लिहून टाकतो. त्या मध्ये पडल्या नसत्या तर त्याच आठवड्यात मला कोल्हापूरकडची गाडी धरावी लागली असती, आणि घरी जाऊन काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही. मी त्यांचं काय केलं ते आता सांगतो.

नववीत शाळा सोडली. गावाकडच्या एका व्हिडिओवाल्याबरोबर लग्नाच्या सीझनला इकडे वाशीम जिल्ह्यात आलो. तो परत गेला, मी राहिलो. रिसोडच्या एका स्टुडिओत शूटिंग करतो. मिक्सिंग, म्हणजे तुकडे कापून-जोडून फिल्म बनवणं, अकोल्याला होतं. माझ्याकडे दोनच कामं, शूट करायचं आणि कार्डावरचं लग्न स्टुडिओच्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचं. आमच्या बोलण्यात कार्ड म्हणजे कॅमेऱ्यातलं कार्ड, आणि कार्ड म्हणजेच लग्न. 'शेलूबाजार कुठं ठेवलं?' असं स्टुडिओवाले भाऊ विचारतात, आणि मी खिशातून त्या गावच्या लग्नाचं नखाएवढं कार्ड काढून देतो.

मावशींच्या मुलीचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं. मुलगी मेडशीला दिली. निरोपाच्या आधी मी मुलीच्या वडिलांना मांडवामागे पाण्याच्या टँकरपाशी नेलं, कारण पुढे डीजे ऐकू देत नव्हता. त्यांच्या सदऱ्याला माईक लावला आणि म्हणालो, "काका, पोरीसाठी दोन शब्द बोला."

"दोनच?" ते म्हणाले. "मंग माह्यावाला पत्ता कट."

आणि ते चांगली पाच-सात मिनिटं बोलले. ऐकणारा मी एकटाच होतो, कानाला हेडफोन लावून.

दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न होतं. सकाळी मी कार्ड लॅपटॉपला लावलं. तो लॅपटॉप म्हातारा झालेला, मध्येच अडकायचा. पडदा काळा झाला, मी त्याला पुन्हा चालू केलं, फोल्डर दिसलं, आणि झालं समजून कार्ड कोरं केलं. त्याच कार्डावर दुसरं लग्न शूट केलं. अकोल्याहून मला फोन आला तेव्हा कळलं की फोल्डरमध्ये हळद आहे, वरात आहे, पंगत आहे, पुढचं काही नाही. अकोल्याच्या लोकांनी परत काढायचा प्रयत्न केला. वरून दुसरं लग्न बसलेलं, त्याला ते तरी काय करणार?

मी इकडे भाऊंना, मावशींच्या घरी, कोणालाच सांगितलं नाही. बघू, उद्या सांगू, असं करत राहिलो. तेवढ्यात काकांच्या छातीत कळ आली आणि वाशीमला नेताना ते वाटेतच गेले.

तेरावं झाल्यावर मावशी स्टुडिओत आल्या. त्यांना बाकीचं लग्न नको होतं. "त्यायचं बोलनं तेवढं दाखव," म्हणाल्या. मग मला सांगावंच लागलं. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "उद्यापासून येऊ नको."

मावशी बाकावर बसल्या. मी पायाकडे बघत होतो. मग त्या भाऊंना म्हणाल्या, "काढू नका त्याले. त्यायचं बोलनं यानं एकट्यानंच आयकलं हाये. हा गेला म्हंजे मी कोनाले इचारू?"

माझी नोकरी अशी राहिली. पण त्यांना हे ठाऊक नव्हतं की मी ऐकलंच नव्हतं. म्हणजे आवाज कानात येत होता, पण मी आवाज फाटत नाही ना, वाऱ्याची घरघर येत नाही ना, तेवढंच ऐकत होतो. शब्दांकडे माझं लक्ष नव्हतं.

त्या कधी विचारतील या धास्तीने मी बाजारातून जायचा रस्ता बदलला. आणि त्याच दिवसांत मोबाईलवर एक जाहिरात दिसली. वाशीमच्या एका दुकानात जुना गेमिंग लॅपटॉप विकायला होता, 'डबल ग्राफिक्स कार्ड'वाला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोठ्या स्टुडिओंचे कॅमेरे दोन कार्डांचे असतात, लग्न दोन्हीवर एकदमच उतरतं, एक गेलं तरी दुसऱ्यावर राहतं. तसाच हा लॅपटॉप, असं मी धरून चाललो. कोणाला विचारायची गरजच वाटली नाही. घराच्या कौलांसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. घ्यावा का नाही, यावर चार दिवस जेवण गोड लागलं नाही. भाऊंच्या स्टुडिओसाठी मी का घ्यायचा, असंही वाटे. पण तो घेतला की मावशींना तोंड दाखवता येईल, असं आतून कुठेतरी वाटत होतं.

शेवटी बाजारात मावशींच्या दुकानापुढे जाऊन उभा राहिलो आणि लॅपटॉपचं सगळं सांगितलं. त्यांनी वांग्यांवर पाणी शिंपडलं आणि विचारलं, "दोन कार्डाचा हाये, तं मंग कोनाचं जाईन नाई?"

"नाही जाणार."

"मंग घे. माह्यावानी दुसऱ्या कोनावर वेळ नोको. मी बी येतो संगं. मले कलेक्टर हापिसातल्या कागदासाठी वाशीमले जाच लागते."

बाईमाणसानं 'मी येतो' म्हणावं ही आमच्याकडचीही रीत. माझी आईही तशीच बोलते. मी मान वळवून मेथीच्या जुड्या नीट करत बसलो.

दुकानदार गप्पिष्ट होता. लॅपटॉप उघडून दाखवला, खालून लाल दिवे लागले. मावशी म्हणाल्या, "आवं, हा तं डीजेच हाये!"

मी विचारलं, "लग्न दोन्ही कार्डांवर आपोआप जातं ना? का काही दाबावं लागतं?"

दुकानदाराला आधी कळेना. मग कळलं आणि तो पोट धरून हसला. "यात लगन ठेवता काय राजेहो? हे कार्ड चित्र पळवाचं हाये. याच्यात काईच राह्यत नाई. बंद केलं का सगळं साफ. दोन असो नाई तं चार!"

मग हसू आवरून त्याने नीट समजावलं. दोन कार्डं असली की गेम जोरात चालतात, मशीन तापतं, बॅटरी लवकर बसते, एवढंच. आम्हाला हवी ती लग्नं साठवायची साधी वेगळी डिस्क, आणि प्रत्येक लग्न दोन ठिकाणी उतरवून, उघडून बघितल्याशिवाय कार्ड कोरं न करण्याची सवय. मी डिस्क घेतली. लॅपटॉप तिथेच राहिला.

परतीच्या एसटीची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. मावशी दुकानदाराच्या हसण्याची नक्कल करून स्वतःच हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. खोटं रचता आलं असतं. मुलीवर बापाची माया होती, अशी चार वाक्यं कोणीही रचेल. तोंडाशी आलंही होतं.

"मावशी, मी नीट ऐकलं नाही. माझं लक्ष आवाजाकडे होतं. दोनच गोष्टी आठवतात."

त्यांनी पदर तोंडावरून खाली घेतला.

"बोलता बोलता मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं होतं, 'चालू हाये ना बाबू हे?' मी मान हलवली."

"आनि दुसरी?"

"'राग आला तं येऊ दे, पन जेवन सोडजो नोको.'"

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "ते पोरीले नाई बोलले ते. ते मले बोलले. पोरगी तं रागात दोन भाकरी जास्त खाते. जेवन मी सोडतो." थोडं थांबून म्हणाल्या, "तेराव्यापासून मी एकच टाइम खाऊन राह्यली." मग पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढला, अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली, आणि आम्ही दोघं तिथेच बसून खाल्ली.  त्यांनी उरलेली भाकरी पूर्ण संपवली.

तेव्हापासून मी त्या लग्नाला आलेल्यांचे मोबाईल बघत फिरतो. मेडशीला दोनदा जाऊन आलो. कोणाच्या पंगतीच्या व्हिडिओत काका मागून "वाढा, वाढा" म्हणतात, कोणाच्यात नुसती पाठ आहे. सगळं मिळून अजून एक मिनिटही भरत नाही, आणि टँकरपाशी बोललेलं तर यात कुठेच सापडणार नाही, हे मला माहीत आहे. पण मावशी, तुम्ही हे कोणाकडून वाचून घ्याल तेव्हा एवढं ऐका: जिथे जिथे काकांचा आवाज उरला असेल तिथून तो मी गोळा करीन, दोन ठिकाणी उतरवीन, उघडून बघीन, आणि एक दिवस तुमच्या हातात आणून देईन.