आक्काची दुसरी गोळी

वैशाखात आटपाडीतल्या घरांच्या पत्र्यांना हात लावता येत नसे. त्या उन्हात आमच्या शेजारची आक्का अंगणात घोंगडी पांघरून बसे. "गार लागतंय," म्हणे. गळ्याखाली आडवा व्रण होता, दोरा रुतावा तसा. सांगलीत शस्त्रक्रिया करून तिचा गलगंड काढला होता. गाठीबरोबर थायरॉईडची ग्रंथीही गेली. आता रोज गोळी घ्यायची, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गाठ गेली, मग औषध कशाला, असं घरच्यांना वाटलं.

आक्काचा चेहरा सुजला. आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. काही विचारलं तर उत्तराला वेळ लागे. तिची जाऊ हसून म्हणायची, "आक्काला इचारावं आन् धुणं वाळत घालून यावं." मुलं मात्र तिच्या अंगणातून जायचं टाळत.

तिचा नवरा फौजेत हवालदार होता. रजेवर आला, बायकोकडे पाहिलं आणि तिला थेट सांगलीला घेऊन गेला. गोळी सुरू झाली. काही महिन्यांत घोंगडी सुटली, आक्का बोलू लागली, जावेला टोमणे परत करू लागली. डॉक्टरांनी एक गोळी सांगितली होती. ती दोन घेई. "एकीनं जीव येतूया, दुसरीनं मी येते," म्हणे. हात सारखे थरथरत. अंगावरचं मांस उतरलं.

पुढे एका श्रावणात ओसरीवर कासारीण आली. आक्काचा हात दाबून तिनं हिरवी बांगडी चढवली आणि कट्‌ असा आवाज झाला. हवालदार तेव्हा सीमेवर होता. कासारणीनं एकेक बांगडी फिरवून बघितली.

"एकबी पिचली न्हाई, बायांनो! कुंकू शाबूत हाय."

जावेनं हात जोडले. मग आक्कानं शांतपणे विचारलं, "आवं मावशी, मग मोडलं काय?"

तिचा पंजा मनगटापासून लोंबत होता.

आक्काची पाळी लवकर थांबली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पाळी थांबल्यावर बाईची हाडं विरळ होऊ लागतात. त्यात ही गोळी जास्त झाली तर ती आणखी पोखरली जाऊ शकतात. आक्कानं ऐकून घेतलं. "घोंगडीत परत जायची न्हाई मी," एवढंच बोलली. दुसरी गोळी सुटली नाही.

हवालदार पेन्शनीवर घरी आला तो आक्काचा खुबा मोडल्यावर. आक्का चुलीपाशी नुसती वळली होती. "पडले म्हणून मोडलं न्हाई," ती सांगे, "मोडलं म्हणून पडले." त्यानं गोळ्यांची डबी आपल्या खिशात ठेवली. रोज एकच गोळी. ती आता आक्काला पुरेना.

नोकरीसाठी गाव सोडताना मी पाया पडायला गेलो. हवालदारानं मला मध्येच धरलं.

"लांबनंच कर रं. तिला हात लावायचं भ्या वाटतंय."

आक्काच्या अंगावर दोन वाकळा होत्या. ती माझ्याकडे बघत होती, पण नजरेत ओळख नव्हती. मी नाव सांगितलं. ओठ हलले नाहीत.

"हाडं काय ऱ्हात न्हाईत आता," हवालदार म्हणाला. "ही तरी ऱ्हाऊ दे."

त्यानं खिशातून डबी काढली आणि दुसरी गोळी तिच्या जिभेवर ठेवली.