एकावन्नाव्या पानावरची फुली

सावेडीतल्या आमच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम मी करते, आणि तिथं येणाऱ्या एका काकांनी माझं डोकं उठवलंय. मूळचे राहुरीकडचे, नागापूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकाच्या एकावन्नाव्या पानावर लाल पेनानं फुली मारतात. एकावन्नच का, तर आकडा शुभ.

"काका, घरी वहीत लिहून ठेवा ना!"

"वही सून रद्दीत घालती, मॅडम. पुस्तक कुठं जातंय? आपन काय वाचलंय ते हितंच ऱ्हातंय."

वर पुस्तक परत करताना शेवट मोठ्यानं सांगणार. रांगेतल्या बायका कानांवर हात ठेवतात. 'पुस्तकावर लिहू नये' अशी पाटी लावली, तर "अक्षर लई झ्याक हाय" म्हणून गेले. फुली खोडायला जावं तर पान फाटतं.

परवा काकांनी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली, सवयीनं एकावन्नावं पान उघडलं आणि थबकले. लाल फुली होती. आता ठेवतील परत, म्हणून मी माझ्या कामाला लागले. तर तणतणत टेबलाशी आले.

"बघा मॅडम! कुनीतरी पुस्तक घान केलंय. असल्या मानसाला तुमी बोलत कसं न्हाई?"

चेष्टा करताहेत असं वाटून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते खरंच चिडले होते. खिशाला लाल पेन लावलेलं होतं.

"बोलते, काका," मी म्हणाले, आणि पुस्तक त्यांच्या नावावर टाकलं.