सोफ्यातली कात्री

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे भिरभिरंच म्हणत. लहानपणी ताईने ठेवलेलं नाव. हा एका जागी टिकेल तर शपथ! सोफे दुरुस्त करण्याचं दुकान त्याचं आणि दाजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं, भागीदारीत होतं. हाताला त्याच्या तोड नव्हती. पण चार सोफे अर्धवट उसवून ठेवायचा आणि पाचव्याच्या स्प्रिंगांत डोकं खुपसून बसायचा.

त्या वर्षी दुकानातून वस्तू नाहीशा व्हायला लागल्या. आधी टेप, मग हातोडी, मग किल्ल्यांचा जुडगा. त्याच्या मनात पाल चुकचुकली. दुकानात माणसं दोन. आपण काही घेतलं नाही, मग उरलं कोण? दाजी मुळातच घुमे. हा आत आला की त्यांचं फोनवरचं बोलणं तुटायचं. एकदा तर याचा चहाचा ग्लास उचलून ते हुंगत होते, हे त्याने काचेत पाहिलं. ‘मला वेडा ठरवून दुकान घशात घालायचा बेत दिसतोय,’ त्याने मनाशी पक्कं केलं.

मग मोठी कात्री गेली.

“दाजी, कात्री कुठाय?”

“मला काय विचारतोस? तुझ्याच हातात होती.”

“मग गेली कुठे? पाय फुटले तिला?”

“पाय तिला नाही, तुझ्या डोक्याला फुटलेत.”

त्याने पाळत ठेवली. जेवायला जातो सांगून कापडाच्या गठ्ठ्यांमागे दबा धरून बसला. दाजींनी जमिनीवर पडलेला याचा चष्मा उचलला, पुसला आणि याच्या टेबलावर ठेवला. ‘वा! वरून साळसूदपणा!’ भिरभिरं मनात म्हणालं.

काही दिवसांनी एक बाई नुकताच नेलेला सोफा घेऊन परत आल्या. “बसलं की टोचतं हो काहीतरी.” दाजींनी शिवण उसवली. फोमच्या खालून निघाली कात्री, पाठोपाठ टेप. शिवणीची दुहेरी गाठ भिरभिऱ्याची होती. तशी दुसरं कुणी मारत नसे. दाजी हसले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत राहिले.

ताईने त्याला डॉक्टरकडे नेलं. वयोमानाने विसरभोळेपणा जडला की काय, ही तिला धास्ती. याला वाटलं, नवऱ्याने पढवून पाठवलंय. डॉक्टरीण बाईंनी लहानपणाचं विचारलं, तर ताईच बोलत सुटली: शाळेत एका पायात चप्पल घालून गेलेला, दूध आणायला पाठवला की माकडाचा खेळ बघत बसलेला.

“हे वयाचं नाही, जन्मापासूनचं आहे,” डॉक्टरीण बाई म्हणाल्या. “लक्ष हवं तिथे टिकत नाही. अटेन्शन डेफिसिट म्हणतात.”

“जन्मापासून, आणि आजवर कुणालाच दिसलं नाही? गोळ्या खपवायच्या असतील तर सरळ सांगा.”

“दिसलं सगळ्यांना. नाव वेगळं दिलं. शाळेत काय म्हणायचे तुम्हाला?”

त्याला एकेक नाव आठवलं. आळशी. बेफिकीर. खोटारडा. आणि घर सोडताना बायको म्हणाली होती, “माझी पर्वा असती, तर लक्षात राहिलं असतं.”

गोळ्या त्याने घेतल्या, त्याही दुसऱ्या औषधवाल्याला दाखवून. महिन्याभरात एक सोफा एका बैठकीत पुरा झाला. तो हरखला नाही. शिवणीवरून बोट फिरवत खोट शोधत राहिला. हे आपणच केलं, यावर त्याचा विश्वास बसेना.

“दाजी, माझा ग्लास का हुंगत होतात?”

दाजींनी मान खाली घातली. “वाटायचं, तू दुपारची घेतोस.”

“आणि फोन?”

“तुझी ताई. तुझ्याबद्दलच विचारायची.”

“मला वाटायचं, तुम्ही चोर.”

“कळत होतं मला,” दाजी म्हणाले आणि दोघांसाठी चहा ओतला.

संध्याकाळी त्याने बायकोला फोन लावला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या ते अडखळत सांगितलं.

“हे खरं, की नवा बहाणा?”

“मलाही आधी तसंच वाटलं,” तो म्हणाला.

तिने फोन ठेवला नाही.